कमरेचे शस्त्र: वेब्ली, एनफिल्ड आणि नगरची छावणी

१९३८ साली ब्रिटिश सैन्याने आपल्या रोजच्या वापरातल्या रिव्हॉल्वरमध्ये एक बदल केला. बदल दिसायला अगदी किरकोळ होता. घोडा अंगठ्याने मागे ओढता यावा म्हणून त्याला चोचीसारखे टोक असे; ते टोक काढून टाकले आणि आतली स्प्रिंग थोडी हलकी केली. या नव्या रूपाला नाव मिळाले ‘एनफिल्ड नंबर २, मार्क १ स्टार’. बदल मागितला होता रॉयल टँक कोअरने. रणगाड्याच्या अरुंद झाकणातून आत-बाहेर करताना घोड्याचे ते टोक कशात ना कशात अडकत होते, आणि गोळी भरलेल्या शस्त्राचा घोडा अडकणे म्हणजे आतल्या माणसांच्या जिवाशी खेळ होता.

त्याच १९३८ साली हिंदुस्थानात सिंध हॉर्स आणि तेरावी लान्सर्स या दोन रिसाल्यांनी आपली जनावरे कायमची सोडली आणि चिलखती गाड्या घेतल्या. हिंदी सैन्यातले हे पहिले दोन यांत्रिक रिसाले. या दोन घटना वरवर पाहता वेगळ्या वाटतात. पण खोगिरावरून उतरून पोलादी डब्यात शिरलेल्या सैनिकाची गोष्ट ज्या गावात सलग वाचता येते, त्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, दोन्ही एकाच धाग्यातल्या आहेत.

नगरचे लष्कराशी नाते जुने. १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने इथला भुईकोट किल्ला घेतला आणि १८१७ मध्ये तो पुन्हा हाती आल्यावर कंपनीच्या फौजेने मुक्काम ठोकला तो ठोकलाच. भिंगारजवळ छावणी वाढली. सैन्याला घोडी पुरवणारा रिमाउंट डेपो इथे होता. बोअर युद्धात पकडलेले कैदी १९०१ मध्ये थेट दक्षिण आफ्रिकेतून इथे आणून ठेवले गेले, आणि पहिल्या महायुद्धात जर्मन लोक. महायुद्ध संपल्यावर, १९२०च्या दशकात, मशीनगन आणि रणगाडे चालवायला शिकवणाऱ्या शाळा नगरला आल्या. १९४८ मध्ये या सगळ्यातून ‘आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल’ उभे राहिले. १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालयही सुरू झाले. खारे-कर्जुने परिसरातल्या के. के. रेंजवर सराव सुरू झाला की तोफांचा आवाज आसपासच्या गावांत ऐकू येतो.

रणगाड्यांविषयी नगरकर अभिमानाने बोलतात, आणि तो अभिमान रास्त आहे. त्या रणगाड्यात बसलेल्या माणसाच्या कमरेला काय असे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्वरची जुनी आणि नवी रूपे शेजारी मांडली, तर छावणीत काय काय बदलत गेले त्याचा हिशेब त्या लोखंडावर उमटलेला दिसतो. शस्त्र वापरणारा कुठे बसला आहे, खोगिरावर, खंदकात की रणगाड्याच्या पोटात, यावरून त्याचा घाट ठरत गेला.

सुरुवात १८५७च्या आसपास करावी लागते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदूर शिंगोट्याजवळ उठाव केलेल्या भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत नगरचा पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. ते गाव आज नाशिक जिल्ह्यात आहे. अशा लढाया हातघाईच्या असत. एक बार काढून पुन्हा ठासत बसायला उसंत नसे, म्हणून एकामागून एक पाच-सहा बार काढणारे शस्त्र अधिकाऱ्यांना हवे होते. तेव्हा ब्रिटिश अधिकारी ब्युमाँट-अ‍ॅडम्स जातीचे पाच बारांचे रिव्हॉल्वर बाळगू लागले होते. १८५६ मध्ये आलेल्या त्या शस्त्रात नुसता चाप ओढला तरी घोडा आपोआप उठून पडे, आणि सावकाश नेम धरायचा असेल तर तोच घोडा अंगठ्याने आधी ओढूनही ठेवता येई. पण काडतूस अजून धातूचे नव्हते. दारू, शिसे आणि टोपी वेगवेगळी भरावी लागे, आणि एकदा रिकामे झालेले रिव्हॉल्वर त्या लढाईपुरते बाद होई.

धातूचे काडतूस आल्यावर अडचण दुसरीकडे सरकली: रिकाम्या पुंगळ्या बाहेर काढायच्या कशा? सरकारच्या एनफिल्ड कारखान्याने १८८० मध्ये ०.४७६ बोअरचे जे रिव्हॉल्वर दिले, त्यात नळी वाकवली की सिलिंडर पुढे सरके आणि पुंगळ्या मागे गळून पडाव्यात अशी योजना होती. सगळ्यात खालची पुंगळी मात्र हमखास अडकून बसे. ती बोटाने उपसावी लागे. हे शस्त्र सात वर्षांतच मागे पडले.

१८८७ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्वर सैन्याने स्वीकारले. पहिली मागणी १०,००० नगांची होती. डाव्या अंगाचा खटका अंगठ्याने दाबला की वरचा सांधा सुटे, नळी बिजागरीवर खाली झुके आणि सिलिंडरच्या मधोमध बसवलेली चांदणीच्या आकाराची पट्टी वर उठून सहाही पुंगळ्या एकदम बाहेर टाकी. एका हातात लगाम धरलेल्या स्वाराला याचे मोल काय वाटले असेल, हे ज्याने कधी उधळत्या जनावरावर तोल सांभाळला आहे त्यालाच कळेल. या पहिल्या वेब्लीची मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी खाली वळलेली आणि नळी चार इंचांची, म्हणजे कमरेवरून चटकन उपसता येणारी. मुठीच्या तळाला एक कडी असे. त्या कडीतून ओवलेली दोरी गळ्यात अडकवली, की घोडदौडीत हातातून सुटलेले शस्त्र जमिनीवर पडत नसे.

बोअर होता ०.४५५ इंच, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर. गोळीचे वजन सुमारे १७ ग्रॅम. वेग मात्र बेताचा, सेकंदाला दोनशे मीटरच्याही आत. या रिव्हॉल्वरची भिस्त वेगावर नव्हतीच. जड, मऊ शिशाची गोळी समोरून धावत येणाऱ्या माणसाला जागच्या जागी थांबवते, असा वसाहतीतल्या लढायांमधून पक्का झालेला ब्रिटिश समज होता. त्याच समजातून १८९८ मध्ये टोकाशी पोकळ असलेली, अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी आली. ‘माणूस थांबवणारी’ असेच तिचे इंग्रजी टोपणनाव होते. १८९९ च्या हेग परिषदेने पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली आणि ती मागे घ्यावी लागली. त्या परिषदेत वाद पेटला होता तो मुख्यतः कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातल्या रायफलीच्या गोळीवरून. हिंदुस्थानच्या सरहद्दीवर ज्यांच्यावर ही गोळी झाडली जात होती त्यांचे दुःख त्या परिषदेत बोलायला कोणी नव्हते, ही गोष्ट शस्त्रांच्या इतिहासात क्वचित लिहिली जाते. ती लिहिली गेली पाहिजे.

मार्क १ ते मार्क ६ हा वेब्लीचा प्रवास २८ वर्षांचा आहे, आणि त्यातले बरेचसे बदल झिजेतून आणि दुरुस्तीतून आलेले. काडतुसाच्या बुडाचा धक्का सोसणारा भाग झिजे, म्हणून तिथे कडक पोलादाची बदलता येणारी तबकडी आली. १८९९ चा मार्क ४ अधिक चांगल्या पोलादाचा होता आणि संग्राहक त्याला आजही बोअर युद्धाचे मॉडेल म्हणतात. १९१३ च्या मार्क ५ चे सिलिंडर धूर न करणाऱ्या नव्या दारूचा दाब सोसण्यासाठी जाड केले. मग आला मे १९१५ चा मार्क ६. एव्हाना युद्ध खोगिरावरून उतरून चिखलात शिरले होते.

मार्क १ आणि मार्क ६ जवळजवळ ठेवले की नजर आधी मुठीवर जाते. पक्ष्याची चोच गेली आणि चौकोनी, भरीव मूठ आली. चिखलाने आणि घामाने निसरड्या झालेल्या पंजात ती घट्ट बसे. नळी चार इंचांवरून सहा इंचांची झाली, वजन सव्वा किलोच्या आत पण किलोच्या वर गेले. खंदकात शिरून अंधारात हाणामारी करणाऱ्यांसाठी नळीवर चढवायची संगीनही बाजारात आली. ती सरकारी नव्हती, अधिकारी आपल्या पैशाने घेत. सहा काडतुसे एकदम भरण्यासाठी प्रिदो नावाचे झटपट भरण्याचे साधनही असेच खाजगी. मोठ्या बोअरचे हे रिव्हॉल्वर इथे आपल्या शिखरावर पोहोचले, असे म्हणायला हरकत नाही. पुढचा प्रत्येक नमुना त्याच्याहून लहान आहे.

पहिल्या रणगाडेवाल्यांच्या कमरेला हेच मार्क ६ होते. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर रणगाडे प्रथम उतरले, तेव्हा त्यांची तुकडी मशीनगन कोअरचाच एक भाग होती. मशीनगन चालवणाऱ्याला रायफल खांद्यावर वागवता येत नसे, म्हणून त्याला रिव्हॉल्वर दिलेले असे. रणगाडेवाल्याला ते त्याच वारशाने मिळाले. त्या रणगाड्यांच्या चिलखतात रिव्हॉल्वरची नळी बाहेर काढून झाडण्यापुरती भोके ठेवलेली होती. आत इंजिनाची आग, धूर, आणि त्यात हातात किलोभराचे जड रिव्हॉल्वर. नगरला मशीनगनची आणि रणगाड्यांची शाळा एकाच दशकात आली, त्यामागे याच घराण्याचा सांधा आहे.

महायुद्धाने आणखी एक गोष्ट शिकवली. शांततेच्या काळातला अधिकारी हौसेने नेमबाजी करी. युद्धात घाईने भरती झालेल्या कारकुनाला, शिक्षकाला तेवढा सराव देणे शक्य नव्हते. ०.४५५ चा झटका नवख्याचे मनगट वर फेकी आणि दुसरी गोळी भलतीकडे जाई. म्हणून १९२०च्या दशकात सैन्याने लहान बोअरचा शोध घेतला. निवड झाली ०.३८ ची: सुमारे १३ ग्रॅमची शिशाची गोळी आणि वेग जुन्याच्या जवळपास. जवळच्या अंतरावर ही गोळीही पुरेशी ठरते, असा निष्कर्ष काढण्यात आला. तो सगळ्यांना पटला नाही. जुने अधिकारी ०.४५५ सोडायला तयार नव्हते आणि दुसऱ्या महायुद्धातही मार्क ६ कितीतरी कमरांना दिसत राहिले.

नव्या रिव्हॉल्वरचा आराखडा वेब्लीनेच दिला होता. सरकारने तो पाहिला, आपल्या एनफिल्ड कारखान्यात त्यावर फेरफार केले आणि १९३२ मध्ये ‘एनफिल्ड नंबर २’ म्हणून स्वतःचे शस्त्र काढले. झुकणारी नळी, चांदणी, अंगठ्याचा खटका, सगळे वेब्लीचेच वळण. कंपनीने भरपाई मागितली २,२५० पौंडांची. न्यायालयात ती मिळाली नाही, पण संशोधकांना मोबदला देणाऱ्या आयोगाने पुढे १,२५० पौंड दिले. गंमत अशी की युद्ध सुरू झाल्यावर एनफिल्डचे उत्पादन अपुरे पडले आणि सरकारला त्याच वेब्ली कंपनीकडून तिचे ०.३८ चे मार्क ४ मॉडेल हजारोंनी विकत घ्यावे लागले. हिंदुस्थानात पोलिसांच्या कमरेला पुढे कित्येक वर्षे ही दोन भावंडे आलटून-पालटून दिसत होती.

जुने-नवे तोलायचे तर आकडे असे पडतात. मार्क ६ सुमारे १,१०० ग्रॅम, एनफिल्ड जेमतेम पाऊण किलोच्या वर. नळी सहा इंचांवरून पाच इंचांवर. गोळीच्या वजनात पाव भागाची घट. शिशाची उघडी गोळी हेगच्या करारात बसणार नाही अशी धास्ती पुन्हा वाटली, म्हणून महायुद्धाच्या तोंडावर धातूचे कवच असलेली आणखी हलकी, साडेअकरा ग्रॅमची गोळी आली. ज्या जडपणाच्या भरवशावर शिशाची ०.३८ निवडली होती तो जडपणाही असा कमी झाला. नव्या शस्त्राच्या टीकाकारांचा हा मुद्दा खोडून काढणे अवघड आहे.

आणि मग १९३८ चा तो कापलेला घोडा. टोक गेल्याने अंगठ्याने घोडा आधी ओढून ठेवण्याची सोय संपली. प्रत्येक बाराला चाप पूर्ण दाबायचा, म्हणजे बोटावर जोर जास्त आणि दूरचा नेम कच्चा. स्प्रिंग हलकी केली ती हे थोडे सुसह्य व्हावे म्हणून. रणगाड्यात बसणाऱ्याला पन्नास पावलांवरचा नेम धरायचाच नव्हता. गाडी पेटली, झाकणातून उडी मारली आणि समोर शत्रू उभा राहिला, तर दोन पावलांवरून झाडायचे, एवढेच त्याचे काम. त्याच्यासाठी हा बदल योग्यच होता. चूक झाली ती पुढे: एका दलाची गरज साऱ्या सैन्याचा नियम बनली. दुरुस्तीला आलेले मार्क १ देखील सर्रास टोक काढून परत पाठवले गेले. पायदळातल्या अधिकाऱ्याने काही मागितले नसताना त्याच्या हातातला नेमाचा बार गेला. टोकासह मूळ रूपात राहिलेले एनफिल्ड आज त्यामुळेच संग्राहकांना दुर्मीळ वाटते.

होल्स्टरचीही अशीच कथा आहे. रणगाडेवाल्यांसाठी आधी मांडीवर लोंबणारे, पायाला पट्ट्याने बांधायचे होल्स्टर काढले. बसल्या जागी हात लगेच मुठीवर पडावा हा हेतू. पण लोंबते होल्स्टर झाकणाच्या काठाला अडकू लागले, आणि पुढच्या नमुन्यात ते पुन्हा कमरपट्ट्यावर चढले.

नगरच्या संग्रहालयात मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हे दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे उभे आहेत. व्हॅलेंटाइनसमोर उभे राहून त्याच्या बुरुजाकडे पाहिले की १९३८ चा बदल समजायला पुस्तक लागत नाही. एवढ्याशा जागेत दोन माणसे, तोफेचे बूड, गोळ्यांचे कप्पे, वायरलेस. याच अंगणात फिरताना आणखी एक उलटा आलेखही दिसतो. मटिल्डाच्या तोफेचे तोंड ४० मिलिमीटरचे. पुढे सेंच्युरियनचे ८४, मग चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यातल्या विजयंताचे १०५. हल्लीच्या टी-७२ चे १२५. रणगाड्याची तोफ जसजशी मोठी होत गेली तसतसे आतल्या माणसाच्या कमरेचे शस्त्र लहान होत गेले: साडेअकरा मिलिमीटरवरून नऊवर, आणि रिव्हॉल्वरवरून ९ मिलिमीटरच्या ब्राउनिंग पिस्तुलावर. भारतीय सैन्यासाठी हे पिस्तूल पुढे इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होऊ लागले.

ब्रिटिश सैन्य १९५०च्या दशकापर्यंत रिव्हॉल्वरला चिकटून राहिले, त्याच्या किती आधी स्वयंचलित पिस्तूल महाराष्ट्रात पोहोचले होते हे नाशिकने पाहिले होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पाठवली होती. चपटे, अंगरख्यात लपणारे ते शस्त्र आणि साहेबाच्या कमरेचे अवजड वेब्ली, दोन्ही एकाच काळातली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी होती. युरोपियनांना सूट होती. त्या अन्यायाच्या पार्श्वभूमीवरच या दोन शस्त्रांची तुलना करायला हवी.

सरकारला दुसरी भीती होती ती सैन्याच्या काडतुसांची. चोरलेले लष्करी काडतूस खाजगी हत्यारात बसता कामा नये, म्हणून सैन्याचे बोअर नागरिकांना बंद ठेवले गेले. हा नियम स्वातंत्र्यानंतरही टिकला. मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्वरची भारतातली वंशावळ त्यामुळे वेगळ्याच वळणावर गेली. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने नागरिकांसाठी जे रिव्हॉल्वर काढले त्याचे अंग वेब्लीच्या ०.३८ मार्क ४ चे आणि बोअर मात्र ०.३२. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या बागाईतदाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या कमरेला जे ‘बत्तीस बोअर’ दिसते, त्याची नळी तशीच खाली झुकते आणि चांदणी तशीच उठते, जशी १८८७ च्या मार्क १ ची. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो, निवडणूक आली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते आणि खंडेनवमीला त्यावर हळदकुंकू चढते.

२०१४ मध्ये कानपूरहून ‘निर्भीक’ आले, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, जेमतेम अर्ध्या किलोचे. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, पण सव्वा लाखाच्या आसपासची किंमत पाहता ज्या स्त्रीला रात्रपाळीहून एकटीने घरी जावे लागते तिच्या ते कधीच आवाक्यात नव्हते. खरा तांत्रिक बदल झाला तो ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’च्या रूपाने. त्यात नळी झुकत नाही. चौकट एकसंध असते आणि सिलिंडर डाव्या बाजूला उघडते. चौकट एकसंध असल्याने बिजागरी सैल होण्याचा जुना दोष उरत नाही. अमेरिकेत कोल्टने ही रचना १८८९ मध्येच नौदलाला दिली होती. भारतीय कारखान्याला वेब्लीचे बिजागर सोडायला त्यानंतर १३४ वर्षे लागली. बदल्यात पुंगळ्या आपोआप उडण्याची सोय गेली. सिलिंडर उघडल्यावर दांडी तळहाताने दाबून त्या बाहेर ढकलाव्या लागतात. ०.३२ च्या देशी काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे असतात. पुण्याजवळच्या खडकीच्या, १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्याची ती खूण. साहेबाच्या ०.३८ ची काडतुसेही याच खुणेने निघत होती.